क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्समधून क्रूझचं भाडं भरता येतं का?

भरता येतं, पण भरू नका. क्रूझचे पैसे सरळ कार्डाने भरा आणि पॉइंट्स त्याच सहलीच्या विमान तिकिटावर घाला. का, ते सांगतो.

तुमचा प्रश्न असा आहे: एचडीएफसीच्या रेगालिया गोल्ड कार्डावर ८० हजार पॉइंट्स साठलेत, तुम्ही दोघं आणि आई-बाबा असे चौघं जाणार, डिसेंबरात सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ मनात आहे, ते नाही जमलं तर मुंबई-गोवा. आणि 'पॉइंट्सवर फुकट क्रूझ' असे व्हिडिओ बघून ते पॉइंट्स क्रूझच्या भाड्यात कसे वळवायचे, हे तुम्हाला हवंय.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. ते जवळजवळ सगळे अमेरिकेतल्या लोकांनी अमेरिकेतल्या कार्डांवर केलेले असतात. तिकडे कॅपिटल वनच्या व्हेंचर कार्डाने क्रूझ कंपनीला पैसे भरायचे आणि ९० दिवसांच्या आत माइल्स (त्या कार्डाचे पॉइंट्स) वापरून तो खर्च बिलातून उडवायचा, अशी सोय आहे. एका माइलला एक सेंट पडतो. कार्निव्हल, नॉर्वेजियन, रॉयल कॅरिबियन यांची स्वतःच्या नावाची कार्डंही तिथे मिळतात. न्यू जर्सीत कुणी नातेवाईक असेल तर बेयॉनच्या धक्क्यावरून तो असा खुशाल जाऊन येईल. गंमत म्हणजे तिथेसुद्धा क्रूझला भाव पडेलच असतो. अमेरिकन एक्सप्रेसच्या पोर्टलवर विमानाला पॉइंटमागे एक सेंट मिळतो, आणि तोच पॉइंट क्रूझला लावला तर ०.७ सेंट. म्हणजे ज्यांना हे सहज करता येतं, त्यातले हुशार लोकही करत नाहीत.

आपल्याकडे तर दारच वेगळं आहे. एचडीएफसीच्या स्मार्टबायवर, म्हणजे बँकेच्या बुकिंगच्या साइटवर, पॉइंट्स लावायला मुख्यतः विमानं आणि हॉटेलं आहेत, जहाजं नाहीत. त्यामुळे 'पॉइंट्सने क्रूझ' याचा व्यवहारात अर्थ एवढाच उरतो, की क्रूझ कंपनीला किंवा एजंटला कार्डाने पैसे द्यायचे आणि मग पॉइंट्स बिलात वळते करून घ्यायचे. रेगालिया गोल्डवर बिलात वळवलेल्या पॉइंटला २० पैसे मिळतात. तोच पॉइंट स्मार्टबायवर विमान किंवा हॉटेलला वापरला तर ५० पैसे. तुमचे ८० हजार म्हणजे एका वाटेने १६ हजार रुपये आणि दुसऱ्या वाटेने ४० हजार. मधल्या २४ हजारांवर कुठे पाणी सोडावं लागतंय, हे अ‍ॅप कधीच दाखवत नाही. तिथे फक्त 'रिडीम' असं बटण असतं आणि खाली हिरवी टिकमार्क.

(रेगालिया गोल्डचा स्वतःचा एक वस्तूंचा कॅटलॉग आहे, त्यात पॉइंटला ६५ पैसेही पडतात. पण ती वस्तू तुम्ही नाहीतरी घेणारच होता का, हे स्वतःला विचारा. मी घरात एअर फ्रायर असाच आलेला पाहिलाय. तो आता माळ्यावर आहे.)

एचडीएफसीचंच इन्फिनिया कार्ड असतं तर हा फरक आणखी डोळ्यांत भरला असता: बिलात ३० पैसे, विमानात पूर्ण एक रुपया. आकडे प्रत्येक बँकेचे, प्रत्येक कार्डाचे वेगळे असतात आणि बँका ते मनाला येईल तेव्हा बदलतात, म्हणून बुकिंगच्या दिवशी स्मार्टबायवर एकदा ताजे भाव बघून घ्याच. पण बिलात वळवणं हा सगळ्यात पडेल भाव, हे जवळपास सगळीकडे सारखंच. वर बऱ्याच बँका पॉइंट्स वटवायचे ९९ रुपये आणि त्यावर जीएसटी लावतात, ते वेगळंच.

आता सिंगापूरचं गणित मांडू. चौघांचं मुंबई-सिंगापूर जाण्याचं तिकीट समजा ५० हजार, येण्याचं ५० हजार. डिसेंबरात हे वरही जाईल, पण हिशोब कळायला एवढं पुरे. स्मार्टबायवर दोन नियम आडवे येतात. एक, तिकिटाच्या रकमेच्या ७० टक्क्यांपर्यंतच पॉइंट्स लावता येतात, उरलेले त्याच कार्डाने भरायचे. तुमचे ४० हजार रुपयांचे पॉइंट्स त्यात आरामात बसतात, त्यामुळे हा नियम तुम्हाला लागणार नाही. दुसरा मात्र लागेल. रेगालिया गोल्डवर विमान-हॉटेलासाठी एका कॅलेंडर महिन्यात ५० हजारच पॉइंट्स वापरता येतात. म्हणून एकाच बैठकीत ८० हजार उडवायला गेलात तर गाडी ५० हजारांवर अडेल.

यावर उपाय साधा आहे. महिन्याच्या शेवटच्या दिवशी जाण्याची चारही तिकिटं काढा, ५० हजार पॉइंट्स लावा, २५ हजार रुपये वाचले. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ तारखेला, येण्याची चारही काढा, उरलेले ३० हजार पॉइंट्स लावा, १५ हजार वाचले. जाणं आणि येणं असं तोडा. दोन माणसं या महिन्यात आणि दोन पुढच्या महिन्यात, असं तोडू नका. विमानाची वेळ बदलली की एका पीएनआरवरचे लोक एकत्र हलवले जातात, आणि आई-बाबा वेगळ्या पीएनआरवर असले की ते सिंगापूरच्या चांगी विमानतळावर आधी पोचणार आणि तुम्ही नंतर. तिकीट काढण्यापूर्वी तेच विमान एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर कितीला आहे तेही उघडून ठेवा. स्मार्टबायवर कधी कधी तिकिटामागे थोडे जास्त पडतात, त्यात फायद्याचा एक चावा जातो. फरक हजार-पाचशेचा असेल तर सोडून द्या, जास्त असेल तर दुसरं विमान बघा.

पॉइंट्स सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर माइल्समध्ये बदलायचा मार्गही आहे आणि काही लोक त्याचं फार कौतुक करतात. तुमच्यासाठी मी तो सुचवणार नाही. डिसेंबरच्या सुट्टीत चार सीट एकाच विमानात माइल्सवर मिळणं कठीण, आणि एकदा बदललेले माइल्स परत पॉइंट्स होत नाहीत.

मग क्रूझचं काय? ती कार्डाने भरा, पण रुपयांत भरा. क्रूझ कंपनीच्या परदेशी साइटवर डॉलरमध्ये कार्ड घासलं तर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावरचा बँकेचा जादा आकार, लागतो. साधारण कार्डांवर तो ३.५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. दीड लाखाच्या बुकिंगवर ६,१९५ रुपये. तुमच्या रेगालिया गोल्डवर मार्कअप २ टक्के आहे, तरी जीएसटी धरून ३,५४० रुपये होतात. इथल्या एजंटकडून रुपयांत घेतलं की हे शून्य. एजंटकडून विमान-हॉटेलासकट परदेशी पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापला जाईल. तो खर्च नव्हे, रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. शिवाय पॅकेजमध्ये विमान आलं की तुमच्या पॉइंट्सना जागाच उरत नाही. म्हणून एजंटला स्पष्ट सांगा: फक्त केबिन द्या, विमानाचं मी बघतो. तो थोडा नाराज होईल. होऊ दे.

आणि क्रूझचं भाडं कार्डाने भरण्यात स्वतःचा एक फायदा आहे. रेगालिया गोल्डवर एका तिमाहीत दीड लाख खर्च झाला की १,५०० रुपयांचं व्हाउचर मिळतं. बाकीचा घरखर्च धरला तर ती मर्यादा तुम्ही एका बुकिंगमध्ये ओलांडाल. वर साडेतीन-चार हजार नवे पॉइंट्स जमा होतील, ते पुढच्या तिकिटाला. मात्र बिल पूर्ण आणि वेळेत भरायचं. क्रूझचं बिल हप्त्यांवर टाकून त्यावर व्याज भरणार असाल तर वर लिहिलेलं सगळं विसरा, पॉइंट्समधून जे मिळेल त्याच्या कितीतरी पट व्याजात जाईल.

जाहिरातीतल्या भाड्यात काय नसतं, तेही बघून ठेवा, कारण लोक भाडं भरून निश्चिंत होतात आणि जहाजावर दचकतात. केबिनचं भाडं वेगळं, पोर्ट चार्जेस आणि टॅक्स वेगळे, आणि टीप वेगळी. टीप म्हणजे वेटरच्या हातात ठेवायची नोट नव्हे. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांवर ती माणशी, दिवसागणिक, बिलात आपोआप लागते, साधारण १६ ते २० डॉलर. १८ धरले तर चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर, म्हणजे पंचवीस हजारांच्या आसपास रुपये. पॉइंट्स बिलाऐवजी विमानाला लावून जे २४ हजार वाचले, ते जवळपास सगळे इथे कामी येतील.

जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. चेक-इनला तुमचं क्रेडिट कार्ड जोडून घेतात आणि एक प्लास्टिकचं कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. वायफाय, कोल्ड्रिंक, फोटो, सगळं त्यावर. त्यामुळे निघण्यापूर्वी घरूनच अ‍ॅपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून ठेवा आणि मर्यादाही वाढवा. जहाजावर गेल्यावर ओटीपी यायचे वांधे असतात. बंदरावर उतरल्यावर एखाद्या दुकानदाराने 'रुपीज की डॉलर्स' विचारलं तर तिथलं चलन सांगा. रुपये म्हटलं की तो स्वतःचा भाव लावतो आणि तो कधीच आपल्या बाजूचा नसतो.

आई-बाबांना घेऊन जाताना आणखी एक. विमान आणि जहाज एकाच दिवशी ठेवू नका. विमान चार तास उशिरा आलं तर जहाज थांबत नाही, आणि विमान तुम्ही स्वतः काढलेलं असल्याने क्रूझ कंपनी हात वर करते. आदल्या दिवशी पोचा, एक रात्र हॉटेलात काढा. सिंगापूरला क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघून मगच हॉटेल शोधा. व्हिसा घेताना तो एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना हेही पाहा, कारण जहाज पेनांग किंवा फुकेतला जाऊन परत सिंगापूरलाच येतं आणि तुम्ही तिथे दुसऱ्यांदा शिरता.

हॉटेलच्या पॉइंट्सवर जहाज मिळतं असं एक उदाहरण तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच: मॅरियट हॉटेलांच्या बॉनवॉय योजनेतले १ लाख ८० हजार पॉइंट्स दिले की रिट्झ-कार्लटनच्या यॉटच्या भाड्यात १,००० डॉलर कमी होतात. खरं आहे. पण ते भाडंच अशा वर्गातलं असतं की तिथे जाणारे लोक हा प्रश्न विचारत नाहीत.

मुंबई-गोव्याचं बघू. हे मला तुमच्या आई-बाबांसाठी जास्त पटतं, विशेषतः पहिल्यांदा जहाजावर जाणार असतील तर. त्यांच्या पिढीतल्या कित्येकांनी भाऊच्या धक्क्यावरून पणजीला जाणाऱ्या बोटीत डेकवर सतरंजी टाकून रात्र काढलेली असते, ते गप्पांना विषय मिळतो. आता कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' जातं, २०२१ पासून. जहाज १९९० चं आहे, आधी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होतं, त्यामुळे चकचकीत नव्या जहाजाची अपेक्षा ठेवू नका. पण शाकाहारी जेवण, जैन जेवण, हिंदीत बोलणारा स्टाफ, पासपोर्टची कटकट नाही. भाडं रुपयांत, म्हणजे मार्कअपही नाही. फक्त पावसाळ्यात ठरवू नका, तेव्हा समुद्र खवळलेला असतो. हे जहाज त्या दिवसांत चेन्नईहून श्रीलंकेलाही गेलेलं आहे.

इथे पॉइंट्स कसे वापरायचे? एकतर्फी क्रूझ घ्या, जाताना जहाज आणि येताना विमान. चौघांची गोवा-मुंबई तिकिटं समजा २० हजारांना मिळाली, तर ७० टक्के, म्हणजे १४ हजार रुपये, पॉइंट्सने जातील. त्याला २८ हजार पॉइंट्स लागतील. गोव्यात दोन रात्री राहायचं असेल तर हॉटेलही स्मार्टबायवरून त्याच भावात. महिन्याच्या ५० हजारांत हे बहुधा बसून जाईल, महिना उलटायची वाट बघावी लागणार नाही.

तिकीट काढताना मात्र गोव्याचा विमानतळ नीट निवडा. सर्चमध्ये दोन येतात, दाबोळी आणि मोपा, आणि मोपाचं भाडं पुष्कळदा थोडं कमी दिसतं. जहाज मुरगाव बंदराला लागतं, म्हणजे वास्कोला. दाबोळी तिथून अगदी जवळ. मोपा पेडण्यात, राज्याच्या दुसऱ्या टोकाला. सामान आणि म्हातारी माणसं घेऊन तिथवरच्या टॅक्सीला जे मोजाल त्यात वाचलेलं सगळं जाईल. जहाजावरून उतरून थेट घरी यायचं असेल तर दाबोळीच. राहणार असाल कळंगुट-बागाकडे, तर दोन्हींचे भाव टॅक्सीसकट लावून बघा.

आणि हे सगळं ठरवायच्या आधी रेगालियाचं स्टेटमेंट काढून कुठले पॉइंट्स कधी संपतायत ते पाहा. या कार्डावर ते दोन वर्षांनी बाद होतात. तुमच्या ८० हजारांतले जुने डिसेंबरपर्यंत टिकणारे नसतील, तर सिंगापूर की गोवा हे नक्की व्हायची वाट न बघता त्यांचं हॉटेल किंवा विमान आत्ताच काढून टाका.