वाचक विचारतात : जुनी मारुती, घरचा रंग

प्र. १९९८ ची मारुती ८०० आहे. दारांखालच्या पट्टीवर रंगाला फुगे आलेत आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा कायम ओला असतो. गंज घासून, लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) भरून रंग मारला तर चालेल का?
– वाचक, रत्नागिरी

उ. चालेल, पुढच्या पावसाळ्यापर्यंत! पट्टीवर फुगा दिसतो तेव्हा पत्रा बहुतेक आतून गेलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने पट्टी वाजवत पुढे सरका. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. बद्द वाजेल तिथे टोक दाबून बघा. आत घुसलं तर ते लांबीचं काम नाही, पत्रा कापून नवा जोडायचा.

पण आधी गालिचा का भिजतो ते शोधा, नाहीतर नवा पत्राही जाईल. सीट आणि गालिचा बाहेर काढा. एकाने पुढच्या काचेवर पाईपने पाणी सोडायचं, दुसऱ्याने टॉर्च घेऊन डॅशबोर्डखाली आडवं व्हायचं. बहुतेक वेळा काचेचं रबर कडक झालेलं असतं, वायपरखालच्या खाचेत पाला साचलेला असतो, नाहीतर खालच्या पत्र्यातली रबरी बुचं पडलेली असतात. ओल बोटाला चिकट आणि हिरवट लागली तर पावसाला दोष देऊ नका, हीटरमधून कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) गळतंय.

जोडकामाला ०.८ मिमी पत्रा आणि सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूतलं, तारेचं) वेल्डिंग घ्या. गॅस वेल्डिंगने एवढा पातळ पत्रा वेडावाकडा होतो. बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. सलग टाका मारत न जाता एक ठिपका इथे, पुढचा हातभर पलीकडे, असं करत मधल्या जागा भरा. दोन्हीकडच्या पट्ट्या एकदम कापू नका आणि गाडी जॅकवर लोंबकळत असताना जोडू नका, मग दार लागत नाही.

उघडा पत्रा रात्रभर ठेवायचा नाही. किनाऱ्याच्या हवेत सकाळपर्यंत त्यावर नारिंगी साय धरते. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर (पत्रा झाकणारा पहिला हात) मारा, तो वाळल्यावर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा आणि त्यावर लांबी लावा. एच (etch, पत्र्याला ॲसिडने पकडणाऱ्या) प्रायमरवर मात्र लांबी नको, त्यातल्या ॲसिडमुळे ती नीट घट्ट होत नाही. १०० ग्रॅम लांबीला हार्डनर (ती घट्ट करणारी, ट्यूबमधली पेस्ट) साधारण २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून ट्यूब जास्त पिळली की हार्डनरमधलं उरलेलं पेरॉक्साइड वरच्या रंगातून पिवळा डाग होऊन उमटतं, आणि पांढऱ्या गाडीवर ते लपत नाही. थर ३ मिमीच्या आत ठेवा. घिसाई कोरडीच करा, आधी ८०, मग १८०, शेवटी ३२०. लांबी पाणी पिते आणि ते पाणी पुढे फुगा होऊन वर येतं. पट्टीच्या तळाची निचऱ्याची भोकं रंगाने बुजू देऊ नका. सगळं वाळलं की त्यांतून आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीतला गंज रोखणारं मेण) फवारा.

प्र. बॉनेटला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग मारला. पाच मिनिटांत पांढुरकी झाक आली, शिवाय मोहरीएवढे गोल खड्डे पडले.
– वाचक, ठाणे

उ. हे दोन वेगळे आजार आहेत. झाक दमटपणाची. थिनर भराभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगावर बसतं. कोरड्या दुपारी नुसत्या रिटार्डर (सावकाश उडणाऱ्या) थिनरचा हलका फवारा दिला तर बहुधा झाक निघते. खड्डे सिलिकॉनचे. डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे किंवा टायर पॉलिश गॅरेजमध्ये वापरलं की ते सगळीकडे बसतं. वरून आणखी एक हात मारून खड्डे भरत नाहीत. पूर्ण वाळू द्या, ६०० ने घासा, मग दोन फडकी घ्या. एक डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) ओलं, लगेच मागून दुसरं कोरडं. एकाच फडक्याने पुसलं तर सिलिकॉन फक्त पसरतं.

प्र. १ एचपी कॉम्प्रेसरवर पूर्ण गाडी पीयू (पॉलियुरेथेन) रंगात होईल?
– वाचक, सांगली

उ. दार किंवा मडगार्ड, एकेक करून होईल. टपाला अर्ध्यातच हवा कमी पडेल, थेंब मोठे पडतील आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा दिसेल. रंगाच्या गनवर १० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा) लिहिलेलं असतं आणि असा कॉम्प्रेसर जेमतेम ३-४ देतो. पाण्याचा ट्रॅप ८-१० मीटर पाईपनंतर बसवा, हवा तिथवर गार होते आणि पाणी सुटतं.

खरी अडचण छातीची आहे. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, टू-के सर्फेसरच्याही (रंगाआधी मारायचा, हार्डनर मिसळलेला थर). त्याने कायमचा दमा जडू शकतो. रुमाल किंवा कापडी मास्क कुचकामी, आणि मास्कमधलं कोळशाचं फिल्टर संपलं तरी वास येऊन कळेलच असं नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर आमचा सल्ला असा : सुटं करणं, वेल्डिंग, लांबी, घिसाई घरी करा, सर्फेसरपासून पुढचं बूथवाल्याकडे (बंदिस्त खोलीत रंग फवारणाऱ्याकडे) द्या. मजुरीतला मोठा भाग घिसाईतच जातो, तो वाचतोच.

प्र. पांढरी गाडी लाल करायची आहे. काही परवानगी लागते का?
– वाचक, नाशिक

उ. आरसीवर रंगाची नोंद असते, त्यामुळे रंग बदलायचा तर आधी आरटीओत विचारा. १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी नव्याने करताना गाडी तपासतात, फरक तिथे हमखास दिसतो. शिवाय लाल करायची म्हणजे दारांच्या कडा, डिकीचा आतला भाग, इंजिनाची खोली, सगळं रंगवावं लागतं, नाहीतर दार उघडलं की आतून पांढरी गाडी डोकावते. पांढराच ठेवणार असाल तर पेट्रोलचं झाकण काढून रंगवाल्याकडे न्या. डब्यावरच्या रंगाच्या नंबरापेक्षा आज उन्हाने पिवळसर झालेला रंग जुळवणं महत्त्वाचं, विशेषतः दोन-तीनच भाग रंगवणार असाल तर.