मुरगाव बंदरातील ती रात्र

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असताना मुरगाव बंदरात जर्मन जहाजे कशी बुडाली?

उत्तर : युद्ध सुरू होताच एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजे आश्रयासाठी मुरगावात आली, पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही तेथेच अडकले. एरेनफेल्सवरील बिनतारी यंत्रातून पाणबुड्यांना बातम्या जातात, असा इंग्रजांचा संशय होता. मात्र पोर्तुगाल हा त्यांचा जुना मित्र, त्यामुळे उघड हल्ला अशक्य होता. म्हणून गोव्यातल्या एका जर्मन हेराला १९४२च्या अखेरीस त्याच्या पत्नीसह गुपचूप ब्रिटिश हद्दीत पळवून नेण्यात आले आणि ९ मार्च १९४३च्या पहाटे, ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतील, बहुतेक पोक्त वयाचे, व्यापारी कंपन्यांत नोकरी करणारे साहेब, ‘फीबी’ नावाच्या गाळ वाहणाऱ्या तराफ्यावरून एरेनफेल्सवर चढले. जहाजाचा कप्तान चकमकीत मारला गेला. खलाशांनी तळाच्या झडपा उघडून जहाज बुडवले, आणि ते पाहून उरलेल्या तिन्ही जहाजांवरच्यांनीही तेच केले.

पोर्तुगीज अधिकाऱ्यांची अडचण खरी मजेदार होती. हल्लेखोर उजाडण्यापूर्वीच निसटले होते, बंदरात उरले होते ते जर्मन व इटालियन खलाशी. तेव्हा जहाजे बुडवल्याबद्दल त्यांनाच तुरुंगात टाकून खटला चालवण्यात आला. इंग्रजांनी तर अनेक वर्षे तोंडच उघडले नाही, आणि मोहिमेवर गेलेल्यांना पदकही मिळाले नाही.