दोन ‘माय’मधला फरक

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. झालंय, एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तिसरी पातळी पास आहेस, घरी इचलकरंजीत यंत्रमाग आहेत आणि चीनमध्ये भाषा, संस्कृती, व्यापार असं तिन्ही एकत्र शिकवणारं एमए करायचंय. माध्यम इंग्रजी घ्यावं की चिनी? ‘दादा, खरं सांगा’ म्हणालीस, म्हणून सांगतो. चिनी घे. एक वर्ष जास्त गेलं तरी चालेल.

मी इंग्रजी घेतलं होतं. विद्यापीठाचं नाव सांगत बसत नाही. वर्गात सगळे परदेशी, शिक्षक पडद्यावरचं वाचून दाखवायचे, आणि दोन वर्षांत माझी चिनी कॅन्टीनच्या खिडकीपुरतीच तयार झाली. पदवी घेऊन शाओशिंगच्या कापडबाजारात गेलो. एका गाळ्यावर ऐटीत सांगितलं, दोन हजार मीटर पाहिजे, ‘वो माय’. मालकीणबाई हसायलाच लागल्या. त्यांनी शेड कार्डाच्या, म्हणजे कापडाच्या रंगांचे नमुने लावलेल्या पुठ्ठ्याच्या, मागे एक अक्षर काढलं. शेजारी तेच पुन्हा काढून त्याच्या डोक्यावर अधिकाची खूण केली. साधं ते विकत घेणं, अधिकवालं ते विकणं. दोन्ही ‘माय’च. घेताना आवाज खाली जाऊन वर येतो, विकताना वरून धाडकन खाली. मी त्यांच्याच गाळ्यावर त्यांनाच माल विकायला निघालो होतो!

सूर सोडले तर उच्चारात आपण मराठी माणसं नशीबवान आहोत. चिनीत प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्यासारखाच आहे, फक्त रोमन लिपीत तो बी-पी, डी-टी, जी-के असा लिहितात. इंग्रजीतून शिकणारे तिथेच फसतात. राजधानी बीजिंग नाही, पेइचिंग; त्यात ‘ब’ नाहीच. चूल आणि चिमणी यांतले दोन वेगळे ‘च’ तुझ्या तोंडात आहेतच, तेही तिकडे कामाला येतात. वही देवनागरीत ठेव, वर सुराच्या खुणा कर. शाओशिंगमधल्या त्या कापडबाजाराच्या भागाचं नाव नकाशावर ‘केकियाओ’ वाचशील, म्हणायचं ‘खछ्याओ’. त्यातला ‘ख’ ज्या अक्षराने लिहितात, त्याच अक्षराने आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं चिनी नाव सुरू होतं. १९३८ साली ते युद्धातल्या जखमींवर उपचार करायला तिकडे गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. जुन्या पिढीतल्या माणसांसमोर हे नाव काढून बघ, खुर्ची पुढे येते.

आता वाट. आधी एक वर्ष निव्वळ भाषेचं कर, जमलं तर पेइचिंगच्या भाषा व संस्कृती विद्यापीठात. तिथे कानावर प्रमाण चिनी पडते. चिनी माध्यमाला सहसा चौथी किंवा पाचवी पातळी मागतात. जुन्या आराखड्यात तिसरीला ६०० शब्द होते, पाचवीला २५००, म्हणजे अजून बरीच मजल आहे. मग एमए आंतरराष्ट्रीय व्यापारात कर, हांगचौच्या बाजूला. तिथून खछ्याओ जवळ आणि बारीकसारीक वस्तूंच्या घाऊक बाजाराचं ईवूही फार लांब नाही. तिन्हींचं एकत्र एमए म्हणजे दोन नाही, तीन डगरींवर पाय. संस्कृती काय, मेसमध्ये आणि चहाच्या टेबलावर आपोआप शिकशील.

चीन सरकारच्या शिष्यवृत्तीत एमएला महिना ३००० युआन, शिवाय फी, वसतिगृह आणि विमा. भाषेचं वर्षही त्यात बसतं. सप्टेंबरच्या प्रवेशाचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरायला घे. एक्स-१ या लांब मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर उतरलीस की ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज करायचा. आवाराबाहेर खोली घेतलीस तर २४ तासांत पोलिसांकडे नोंद.

खछ्याओत आपले व्यापारी भरपूर. पहिल्याच भेटीत ‘दोन दिवस दुभाषी म्हणून ये, रोख देतो’ म्हणतील. विद्यापीठाची परवानगी आणि परवान्यावर तशी नोंद नसेल तर जाऊ नकोस, ते बेकायदा काम ठरतं. नोकरी पदवीनंतर बघ. एरवी परदेशी माणसाकडे दोन वर्षांचा अनुभव मागतात. चीनमधून एमए करून चांगले गुण मिळवणाऱ्यांना २०१७ पासून त्यात सूट आहे, पण पदवीनंतर वर्षाच्या आत.

थंडीबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. उत्तरेत सरकारी हीटिंग असतं, हांगचौकडे नसतं. जानेवारीत वर्गातही कोट काढवत नाही. आईला सांग, लोकरीचे मोजे चार जोड जास्त. शाकाहारी असशील तर ‘वो छ्र सू’ पाठ कर, तरी भाजीत खिमा निघेलच. देवळाजवळची बौद्ध खाणावळ शोधून ठेव.

आणि वडिलांकडून ग्रे, म्हणजे न धुतलेल्या-न रंगवलेल्या, कापडाचे चार-पाच तुकडे मागून बॅगेत टाक. प्रत्येक गाळ्यावर एकेक दाखवून विचार, याला तुम्ही काय म्हणता, आणि तिथल्या तिथे लिहून घे. ‘सायझिंग’ला, म्हणजे सुताला खळ देण्याला, चिनीत काय म्हणतात हे शोधायला पदवी हातात असूनही माझा अर्धा दिवस गेला होता.