अडीच महिन्यांच्या मुलीचं वजन हळू वाढतंय, अंगावरचं दूध पुरत नसेल का? पावडरचं सुरू करू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की जन्माचं वजन २.७ किलो होतं, आता ४.३ आहे, संध्याकाळी लई रडते आणि घरात सगळे म्हणतायत की तुझं दूध पातळ आहे, पोरगी उपाशी राहतीय. दोन वर्षांपूर्वी माझीही हीच अवस्था होती म्हणून जरा सविस्तर लिहिते, मी डॉक्टर नाही, कोल्हापुरातली एक आई आहे.

आधी हिशोब करून बघा. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतंच, सात ते दहा टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. म्हणजे तुमच्या मुलीने १६०० ग्रॅम साधारण ६० दिवसांत कमावलेत, दिवसाला २६-२७ ग्रॅम झाले. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ ठीक धरतात. तरी दवाखान्यातून किंवा अंगणवाडीतून मिळालेलं माता बाल संरक्षण कार्ड असतं बघा, त्यातल्या मुलींच्या तक्त्यावर प्रत्येक वजनाचा ठिपका टाका. एका ठिपक्यावरून काही कळत नाही, रेघ कुठं चाललीय ते बघायचं. आणि काटा दर वेळी तोच ठेवा. आम्ही एकदा डॉक्टरांकडं, एकदा अंगणवाडीत आणि एकदा ओळखीच्या मेडिकलमध्ये वजन केलं, कधी झबल्यावर, कधी दुपट्यासकट, आणि आठवड्यात दोनशे ग्रॅम कमी झालं म्हणून मी रात्रभर रडत बसलेले.

दूध पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. दिवसाला सहा-आठ वेळा चांगली शू, पिवळी जर्द नव्हे, पाण्यासारखी, म्हणजे पोटात दूध जातंय. संध्याकाळचं रडणं दीड महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, त्या वेळेला बाळं तासातासाला अंगावर मागतात आणि आपल्याला वाटतं आटलं दूध. संध्याकाळी छाती मऊ लागते म्हणून ती रिकामी झाली असं नसतं, बाळ ओढतं तसं दूध बनत राहतं. पातळ दूध म्हणाल तर सुरुवातीचं दूध पातळच दिसतं, शेवटी शेवटी घट्ट येतं, म्हणून एक बाजू पूर्ण होऊ द्यायची, मगच दुसरी.

आता माझं सांगते, कारण माझ्या मुलीचं वजन खरंच वाढत नव्हतं. जन्मावेळी २.६ आणि पाचव्या आठवड्यात फक्त ३.१, कार्डावर ठिपका हिरव्या (ठीक वजनाच्या) पट्ट्यातून पिवळ्यात (कमी वजनाच्या) गेलेला. मी माहेरी कागलला होते. आई आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, बाजरीची भाकरी सगळं करत होती, आत्ती रविवारी राजारामपुरीतून यायच्या आणि मुलीला हातात घेऊन म्हणायच्या, "बाळसं का धरंना गं हिनं?" त्यांचा जीव तुटत होता हे मला कळत होतं, पण प्रत्येक वेळी वाटायचं माझ्यातच काहीतरी कमी आहे. आज्जी सहाणेवर रोज गुटी उगाळायची, वर दोन चमचे उकळलेलं पाणी. एवढंसं पोट, त्यात गुटी आणि पाणी गेलं की तेवढं दूध कमी जातं, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडच्या एका सिस्टरनी म्हटलं, माझ्यासमोर पाज बघू. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही नुसतं टोक चोखतीय." मला चिरा पडलेल्या, पाजायला घेतलं की पायाची बोटं आवळून बसायचे, आणि मी समजत होते सगळ्यांनाच असं दुखतं. त्यांनी माझा हात मुलीच्या डोक्यावरून काढून खांद्यामागं ठेवला. पोट माझ्या पोटाला, नाक टोकासमोर. वरच्या ओठाला टोक हलकंसं लावायचं आणि जांभई दिल्यासारखा आ होईपर्यंत थांबायचं, मग पटकन जवळ ओढायचं. हनुवटी छातीत रुतलेली, खालचा ओठ बाहेर उलटलेला, टोकाभोवतीचा काळा भागही तोंडात, खालून जास्त. चौथ्या प्रयत्नात जमलं आणि मला पहिल्यांदा तिचा गिळण्याचा आवाज ऐकू आला. दुखलं नाही. तिथंच रडू फुटलं मला.

त्यानंतर गुटी-पाणी बंद केलं (आज्जी आठवडाभर रुसली), दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा पाजलं, झोपली तर तळपाय चोळून उठवलं, दोन पाजण्यांच्या मध्ये हाताने दूध काढून वाटीत घेतलं आणि बोंडल्यानं पाजलं, बाटली आणलीच नाही. पुढच्या चार आठवड्यांत ८०० ग्रॅम वाढली. साडेतीन महिन्यांना हिरव्या पट्ट्यात परत आली.

खाण्याचं म्हणाल तर मला महिनाभर बिनतिखटाचं खायला घातलेलं, तिखटाने बाळाचं पोट दुखतं म्हणून. डॉक्टरांनी सगळं खा म्हटल्यावर पांढरा रस्सा खाल्ला, तांबडाही खाल्ला, मुलीला काही झालं नाही.

सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणीसुद्धा लागत नाही, आपल्या उन्हाळ्यातही नाही. मध तर वर्षापर्यंत अजिबात चाटवू नका, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. डॉक्टरांनी दिलेले व्हिटॅमिन डीचे थेंब मात्र चुकवू नका.

पावडरबद्दल, डॉक्टरांनी वजन बघून द्या सांगितलं तर जरूर द्या, त्यात आईचं काही चुकलं असं नसतं. फक्त डब्यावरच्या मापानेच करा, पुरवायचं म्हणून जास्त पाणी घालू नका, तसं केलं तर पोट भरतं आणि वजन तिथंच राहतं. आपणहून, कुणी म्हटलं म्हणून सुरू करू नका, कारण बाळ अंगावर कमी ओढायला लागलं की दूध खरंच कमी होतं.

आणि यातलं काही दिसलं तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा: सहा-आठ तास शू नाही, टाळू आत गेलेली, हिरवी उलटी, अंग ढिलं पडून प्यायलाच न उठणं, पिताना धाप लागणं किंवा कपाळाला घाम येणं, किंवा १००.४ किंवा त्याहून जास्त ताप. रात्र असली तरी सीपीआर (कोल्हापुरातलं सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा मोठा दवाखाना गाठा.

मुलीची शू दिवसातून किती वेळा होते आणि पाजताना तुम्हाला दुखतं का, तेवढं खाली लिहा, मी बघते.