डी.फार्म की संशोधन? खानापूर तालुक्यातल्या एका वडिलांना उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमची लेक दुसऱ्या पीयूसीला (कर्नाटकातली बारावी) सायन्सला आहे. तिने दोन वर्षांचं डी.फार्म (फार्मसीची पदविका) करून खानापुरात मेडिकल दुकान घालावं, असं तुमच्या मनात आहे. आत्याचा स्तनाचा कॅन्सर चार वर्षांनी उलटला, तेव्हापासून तिने मात्र एकच धोशा लावलाय: जुन्या औषधांनी कॅन्सरच्या मूळपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून गाठ पुन्हा वाढते त्या पेशी, मारायचं संशोधन करणार. तुम्ही विचारता, ‘जी गोळी दुकानात मिळते, तिच्यात संशोधन ते काय करायचं?’ आणि पत्राच्या शेवटी, कुणीतरी मोबाइलवर सांगितलेल्या जंताच्या गोळ्या आत्याला द्याव्यात का.

गोळ्यांचं आधी सांगतो. देऊ नका. उपचार चालू असताना अशी गोळी यकृताला त्रास देऊ शकते, चालू औषधांशी तिचं जुळेलच असं नाही. जे काही मनात असेल ते आत्याच्या डॉक्टरांना विचारा.

आता मुलीचं. तिने वाचलंय ते खोटं नाही. केमोने गाठ आटते, पण काही पेशी तग धरून राहतात आणि त्यांच्यापासून आजार पुन्हा उभा राहतो. हरळी वरून खुरपली तरी कांड्या जमिनीत राहिल्या की फुटते, तसा. 1990 च्या दशकात रक्ताच्या आणि 2003 मध्ये स्तनाच्या कॅन्सरमधून अशा मूळपेशी वेगळ्या काढून दाखवल्या गेल्या. 2009 मध्ये अमेरिकेत त्यांच्यावर सुमारे 16,000 रसायनं तपासली, तेव्हा सॅलिनोमायसिन उठून दिसलं. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तेच औषध. पण माणसाला ते सहज विषारी ठरतं, म्हणून ते अजून प्रयोगशाळेतच अडकलंय.

शुगरच्या मेटफॉर्मिनचं उदाहरण तर तिने पाठच करावं. प्रयोगशाळेतल्या थाळीत वाढवलेल्या मूळपेशींवर ते चांगलं चाललं. पण बऱ्याच प्रयोगांत थाळीत घातलेलं प्रमाण, गोळी घेतल्यावर रक्तात पोचतं त्याच्या कितीतरी पट होतं. पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या 3,649 रुग्णांवर चाचणी झाली आणि 2022 मध्ये निकाल आला: आजार उलटणं कमी झालं नाही. हे वाचूनही तिचा हुरूप टिकला, तर मी म्हणेन पोरगी या कामाची आहे.

कारण काम असं असतं. पेशींना थाळीच्या तळाला चिकटू न देता वाढवायचं. बहुतेक पेशी मरतात. ज्यांच्यात मूळपेशीचे गुण असतात, त्या द्रवात तरंगणारे बारीक गोळे करतात. औषध घातलेल्या आणि न घातलेल्या थाळीतले गोळे सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, मोडून पेशी सुट्या करायच्या, पुन्हा वाढवून पुन्हा मोजायचे. आठवडेच्या आठवडे. आणि मग खरा प्रश्न: हे औषध पोटातून रक्तात किती जातं, गाठीपर्यंत किती पोचतं? निक्लोसामाइड ही जंताची गोळी आतड्यातून रक्तात फार कमी जाते. जंतासाठी ते सोयीचं, कॅन्सरसाठी तीच मोठी अडचण. हे गणित फार्मसीवाल्यालाच नीट कळतं. तुमचं दुकान आणि तिचं संशोधन इथे एकमेकांजवळ येतात.

जुन्या औषधाचा उपयोग होतो, हेही तितकंच खरं. गर्भातल्या बाळांना व्यंग आणल्यामुळे 1961 मध्ये बाजारातून काढलेलं थॅलिडोमाइड 2006 पासून अमेरिकेत मल्टिपल मायलोमा या कॅन्सरवर मान्य आहे. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती भूल देण्याचं साधं लिडोकेन टोचलं. सुमारे 1,600 रुग्णांच्या या चाचणीत पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 टक्क्यांवर गेलं. हा प्रयोग मूळपेशींवरचा नव्हता, पण मला त्याचं फार अप्रूप आहे. इतक्या स्वस्त औषधाच्या चाचणीवर कंपनी कशाला पैसे घालेल? ते सरकारी संस्थांनीच करायचं, आणि तिथे आपल्या भागातली मुलं हवीत.

म्हणून माझं मत: डी.फार्म नको, चार वर्षांचं बी.फार्म (फार्मसीची पदवी) करू द्या. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी त्यावरही होते, म्हणजे दुकानाचा रस्ता उघडाच राहतो. पुढे जायचं ठरलं तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.फार्मला (पदव्युत्तर पदवी) फार्माकॉलॉजी, म्हणजे औषध शरीरात काय करतं याचा अभ्यास, घ्यायची. जीपॅटवर महिना 12,400 रुपयांची शिष्यवृत्ती आहे. नंतर पीएच.डी., त्यात फेलोशिप. बेळगावात केएलईचं फार्मसी कॉलेज आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची पारंपरिक औषधांवरची राष्ट्रीय संस्थाही आहे. पुण्याचं एनसीसीएस (पेशींवर संशोधन करणारं केंद्र) आणि खारघरचं ॲक्ट्रेक (टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र) पुढच्या टप्प्यासाठी डोळ्यांसमोर ठेवा. पैशांची फारच ओढाताण असेल तरच डी.फार्म, त्यानंतरही बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं याची धास्ती नको, पण संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष केलेलं चालणार नाही.

कर्नाटकची प्रवेश परीक्षा केसीईटी तर देऊ द्याच, सोबत महाराष्ट्राची एमएचटी-सीईटीही. वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तिथेच दहावी किंवा बारावी केलेल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना महाराष्ट्रातल्या प्रवेशात वेगळ्या गटातून अर्ज करता येतो. तुमचं गाव त्या यादीत आहे का ते पाहून घ्या आणि रहिवासाचा व मातृभाषेचा दाखला आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या धांदलीत दाखल्यापायी जागा गेलेली मुलं मी पाहिली आहेत.