हॉल वाटेवर आण

प्रिय,

चिठ्ठी वाचली, तुझ्या ज्येष्ठ निवासाचा आराखडाही पाहिला. ज्येष्ठ मंडळींनी कॉमन हॉलमध्ये यावं म्हणून आणखी काय देऊ, असं विचारलंयस. आणखी काहीही देऊ नकोस. आहे ते हलव. हॉल तू इमारतीच्या पार टोकाला नेऊन ठेवलायस. तिथे जायचं म्हणजे कपडे बदला, वॉकर घ्या आणि ‘मला करमत नाही’ हे चारचौघांना दाखवत चाला. कोण जाईल? तू जाशील?

जेवणघराकडे, लिफ्टकडे, टपालपेटीकडे माणसाला जावंच लागतं. बसायची जागा त्या वाटेवर ठेव. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या वेस्टगेट वसाहतीतल्या कुटुंबांच्या मैत्रीचा अभ्यास 1950 साली प्रसिद्ध झाला. ती माणसं तरुण होती, तरी तिथेही मैत्री जुळली ती मुख्यतः शेजाऱ्यांशी. आणि ज्यांची दारं जिन्याजवळ, त्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या. आवडीनिवडी नंतर आल्या, आधी वाट.

वाटेवर म्हणजे वाटेत अडथळा नव्हे, हे मात्र नीट समजून घे. कोण बसलंय ते लांबूनच दिसलं पाहिजे, म्हणजे नको असेल तर मान हलवून पुढे जाता येतं. ही सुटका नसेल तर माणूस त्या बाजूला फिरकतच नाही. कॉरिडॉर 1.8 मीटर धर, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तरी कुणाला मागे सरावं लागणार नाही. खुर्चीला हात हवेतच, त्यांच्या आधाराशिवाय उठणार कसं? गुळगुळीत सोफे काढून टाक, मला ते पाहवत नाहीत. छतही आवाज शोषणारं घे. घुमणाऱ्या खोलीत श्रवणयंत्रातून नुसता गलका ऐकू येतो, मग माणूस हसून गप्प बसतो.

खुर्च्या भिंतीला लावू नकोस. 1950च्या दशकात मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी कॅनडातल्या सस्कॅचवानमधल्या वृद्ध स्त्रियांच्या वॉर्डात भिंतीलगतच्या खुर्च्या काढून लहान टेबलांभोवती मांडल्या. बायकांमधलं बोलणं वाढलं. माणसं तीच, खोलीही तीच.

बिल्डर म्हणेल, कॉरिडॉरची ही रुंदी विकता येत नाही. म्हणू दे. याच मुद्द्यावरून मी एक मोठं काम सोडलं, फीसकट. लोक हट्टी म्हणाले. इमारत दुसऱ्या कुणीतरी बांधली, हॉल टोकालाच राहिला. मी तिथे टिकून राहिलो असतो तर निदान दोन बाकं तरी वाटेवर आली असती, ही चुटपुट आहे. पण टोकाचा हॉल माझ्या सहीने? नाही, ते आजही जमणार नाही.

तू काम सोडू नकोस, भांडत राहा. आणि चिठ्ठीसोबत पाठवलेली हॉलमधल्या कार्यक्रमांची ती यादी फाडून टाक. ते व्यवस्थापक बघतील. तू वाट काढ. सुधारलेला प्लॅन पाठवशील तेव्हा खोलीपासून जेवणघरापर्यंतची रेघ लाल पेनाने आखून पाठव.