ट्रॅक्टर ट्रॉलीच्या जुन्या कमानपाट्यापासून (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीपासून) घरी सुरी करता येईल का? मुठीला कोणतं लाकूड लावू?

येईल. कमानपाट्याचं पोलाद सुरीला चांगलंच. फक्त बारीक चीर गेलेला पाटा घेऊ नका. आकार घासून झाला की पातं लाल तापवा. चुंबक चिकटायचं थांबलं (साधारण ७७० अंश सेल्सिअस) की किंचित आणखी तापवून कोमट गोडेतेलात बुडवा. भांडं पत्र्याचं, झाकण हाताशी, तेल भडकतं. पाण्यात बुडवलं तर पातं तडकायची भीती. कानस वरून घसरली म्हणजे कडक झालं, पण ठिसूळही झालं. म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन तास, असं दोनदा. इथंच लोक आळस करतात, मग पातं फरशीवर पडलं की दोन तुकडे.

मुठीला बाभूळ. परभणी-लातूरकडं कुऱ्हाडीचे दांडे तिचेच असतात, टणक लाकूड. ओली मात्र अजिबात नको: आपल्याकडच्या मे महिन्यात आटते आणि पितळी खिळ्यांपाशी फाट पडते. मोडक्या बैलगाडीचा वाळका तुकडा मिळाला तर सोनंच! वरून जवसाचं तेल पातळ चोळा. घासताना मास्क हवाच, भुसा घशात बसतो.